मांडीवर झपताल धरून 'टाइम आउट' ऐकताना

'टेक फाइव्ह' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मांडीवर झपताल धरला होता. पाच मात्रांचं काहीतरी आहे एवढं ऐकून होतो, आणि पाच म्हणजे अर्धा झपताल हा हिशोब तबल्याच्या क्लासला दोन-चार वर्षं जाऊन आलेल्या कुणालाही येतो. धी ना, धी धी ना. पण काहीतरी अडखळत होतं. पियानोचा जोर माझ्या विभागाच्या मधोमध, दुसऱ्या 'धी'वर आदळायचा. ड्रमवालाच चुकतोय अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रेकॉर्ड बंद केली.

चूक अर्थात माझी होती. तिथे विभाग २+३ नाहीत, ३+२ आहेत. झपताल पहिल्या मात्रेऐवजी तिसऱ्या मात्रेपासून म्हणायचा: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. एवढं केलं आणि सगळं जागेवर बसलं.

'टेक फाइव्ह' ज्यात आहे त्या डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटच्या 'टाइम आउट' या १९५९ च्या जॅझ अल्बममध्ये शिरायला आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला एक खास दार आहे, ते म्हणजे मात्रा मोजायची सवय. हेच दार पुढे आडवंही येतं. दोन्ही कसं होतं ते सांगतो.

आधी थोडी ओळख

माणसं चार. पियानोवर डेव्ह ब्रुबेक, ऑल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झालं. तो स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च, उंच छताचं. त्याच वर्षी त्याच खोलीत माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'ही मुद्रित झाला होता.

'कूल जॅझ' म्हणजे काय यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण कामापुरतं एवढं पुरे. १९४० च्या दशकातल्या बीबॉप या जॅझशैलीत वेग, चढाओढ आणि सुरांचा मारा होता. त्याला उत्तर म्हणून काहींनी आवाज खाली आणला, सुरातला कंप कमी केला, आधी रचून ठेवलेल्या भागांना जागा दिली. डेझमंडचा सॅक्सोफोन ऐका. कर्कशपणा नाही, फुंकर घातल्यासारखा सूर. आपल्याला ड्राय मार्टिनीसारखं वाजायचंय, असं तो स्वतः म्हणायचा.

आता पाश्चात्त्य अभिजात संगीताचा धागा. ब्रुबेक कॅलिफोर्नियातल्या गुरं पाळणाऱ्याचा मुलगा. कॉलेजात गेला तो जनावरांचा डॉक्टर व्हायला, आणि वळला संगीताकडे. त्याला नोटेशन धड वाचता येत नाही हे शेवटच्या वर्षी उघडकीला आलं. पियानो शिकवणार नाही असं वचन घेऊन त्याला पदवी दिली गेली. महायुद्धानंतर तो मिल्स कॉलेजात फ्रेंच रचनाकार दारियुस मियो यांच्याकडे शिकला. नाझींच्या आक्रमणामुळे फ्रान्स सोडून आलेल्या मियोंनी स्वतः १९२३ मध्येच जॅझचा रंग आपल्या बॅले संगीतात आणला होता. जॅझ सोडू नकोस, हा त्यांचा सल्ला. ब्रुबेकने थोरल्या मुलाचं नाव दारियुस ठेवलं, यावरून गुरूचं वजन कळावं. मियोंकडून त्याने दोन गोष्टी उचलल्या: एकाच वेळी दोन पट्ट्या वाजवण्याची हौस आणि तुकड्याच्या बांधणीचा विचार. या अल्बममध्ये अभिजात संगीत शोधायचं ते या दुसऱ्या ठिकाणी. व्हायोलिनांचा ताफा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पहिली पायरी: योग्य प्रत आणि योग्य कान

अल्बममध्ये सात तुकडे आहेत, सगळे मिळून ३८ मिनिटांच्या आसपास. ॲपवर शोधताना 'टेक फाइव्ह'ची लांबी पाहा. ५ मिनिटं २४ सेकंद असेल तर बरोबर. तीनेक मिनिटांचं असेल तर ती सिंगलसाठी कापलेली प्रत, आणि त्यात कात्री नेमकी ड्रमच्या भागावर चाललेली आहे. खूपच वेगात पळत असेल तर कुठल्यातरी मैफलीतलं आहे, ते नंतर ऐका. शफल बंद करा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे इयरफोन चालतील. स्पीकरवर राइटचा बास गायब होतो, आणि बास गेला की पाच मात्रांना जमीन उरत नाही.

अल्बम पहिल्यापासून सुरू करू नका, हा माझा आगाऊ सल्ला. पहिला तुकडा सगळ्यात अवघड आहे. मी लावलेला क्रम असा: तिसरा, चौथा, पहिला, मग उरलेले. शेवटी अख्खा अल्बम सलग.

दुसरी पायरी: 'टेक फाइव्ह', चार वेळा

ही रचना ब्रुबेकची नाही, डेझमंडची. मोरेलोला पाच मात्रांत वाजवायचा नाद होता, त्याच्यासाठी डेझमंडने दोन धुना केल्या आणि ब्रुबेकने त्या एकत्र बसवायला सुचवलं. पुढे या तुकड्याने जेवढे पैसे मिळवले तेवढे जॅझमध्ये क्वचितच कुणी मिळवले असतील. डेझमंड १९७७ मध्ये गेला तेव्हा आपल्या रचनांचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून गेला.

पहिल्यांदा फक्त मोजा. सुरुवातीला एकटे ड्रम्स आहेत, तिथे घाई करू नका. पियानो आला की पकडा. त्याचे दोन जोर आहेत, एक पहिल्या मात्रेवर आणि एक चौथ्या. पहिलीवर टाळी द्या, चौथीवर दुसऱ्या हाताने मांडीवर थाप. लय जलद आहे, एक आवर्तन दोन सेकंदांच्या आत संपतं, त्यामुळे बोटांवर मोजायला जाल तर मागे पडाल. 'धी धी ना ती ना' मनात म्हणणं सोपं.

दुसऱ्यांदा सॅक्सोफोनच्या मागे जा. पहिली धून गडद आहे. मधली धून आली की खोलीत कुणी खिडकी उघडल्यासारखं होतं, कारण मायनरमधून मेजर पट्टीकडे सरकणं होतं. मग पहिली धून परत. आपल्या स्थायी-अंतऱ्याशी हे जुळतं, पण अंतरा म्हणजे वर चढणं असं इथे गृहीत धरू नका. इथे उंचीपेक्षा उजेड बदलतो.

त्यानंतर डेझमंडचं वादन सुरू होतं, आणि या ठिकाणी आपला कान फायद्यात असतो. बहुतेक जॅझमध्ये वादक कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सूरगुच्छांच्या, ठरलेल्या साखळीवर चालतो, दर थोड्या मात्रांनी खालची जमीन बदलते. इथे जमीन बदलत नाही. पियानोचे तेच दोन कॉर्ड पुन्हा पुन्हा, तानपुऱ्यासारखे. डेझमंड त्यावर एक वाक्य टाकतो, थांबतो, त्याच वाक्याला उत्तर देतो. सूर कमी आणि मोकळी जागा जास्त. तो कुठे गप्प राहतो तेच मी ऐकतो.

तिसऱ्यांदा ऐकायचं ते साधारण दोन मिनिटांनंतर. डेझमंड बाजूला होतो आणि मोरेलो सुरू करतो. ब्रुबेक तोच तुकडा वाजवत राहतो, न थकता, न बदलता. तबल्याचा सोलो ऐकलेल्या माणसाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. हा लेहरा आहे, नगमा आहे. सारंगीवाला किंवा पेटीवाला ज्या निष्ठेने एकच ओळ वाजवत राहतो आणि तबलजी त्याच्या भरवशावर हिंडून येतो, तेच इथे पियानो करतो. मोरेलो उपजावरच वाजवतो. सुरुवातीला विरळ, मोठी मोठी मोकळी जागा ठेवत, ड्रमच्या सुरांशी खेळत. ब्रुबेकचं बोट धरून आवर्तन सांभाळत त्याच्या मागे जा.

आता सावधगिरीचा इशारा. तिहाईची, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची, वाट पाहू नका. आपल्या अंगात समेवर येण्याची इतकी ओढ मुरलेली असते की मोरेलो आता येईल, मग येईल, म्हणून आपण मान तयार ठेवून बसतो. तो तसा येत नाही. ड्रम्स निवळतात आणि सॅक्सोफोन धून उचलतो. पहिल्यांदा मला हे अर्धवट वाटलं होतं. दाद द्यायची जागाच नाही! तबल्याच्या मैफलीचा न्याय इथे लावला की हे असं होतं. या संगीतात पोहोचण्याची जागा समेवर नसून धून परत येण्यात आहे.

चौथ्यांदा काहीही मोजू नका. चहा करत ऐका.

तिसरी पायरी: 'थ्री टू गेट रेडी'

याला लोक हलकंफुलकं म्हणून पुढे ढकलतात. मोजणाऱ्यांसाठी मात्र अल्बममधली सगळ्यात गमतीची जागा ही आहे.

सुरुवात अगदी सोज्वळ वॉल्ट्झची, हायडनच्या घरातून आल्यासारखी. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. धून एकदा वाजून होते आणि मग काहीतरी बिनसतं. दोन वेळा तीन मात्रा, नंतर दोन वेळा चार. म्हणजे ३+३+४+४.

बेरीज करा. चौदा. आता तुमच्या डोक्यात दीपचंदी वाजू लागली असेल, ठुमरीवाल्यांची. पण दीपचंदी ३+४+३+४ आहे. दोन्हींत विटा त्याच, रचना वेगळी. दीपचंदीचा ठेका धरून ऐकायला बसलात तर सातव्या मात्रेलाच वाट चुकते. म्हणून ठेका विसरा आणि पायांनी मोजा: दोनदा वॉल्ट्झची पावलं, मग दोनदा कवायतीची. थोडा वेळ ते उड्या मारल्यासारखं लागेल. मग एक वेळ अशी येते की चौदा मात्रांचं एकच लांब वाक्य ऐकू येऊ लागतं, आणि तीन-चार ही भानगड संपते. मला त्याला सात-आठ खेपा लागल्या. ज्यांना तालाचा काही संस्कार नाही अशा काहींना पहिल्याच खेपेला जमलेलं मी पाहिलंय, हेही सांगून ठेवतो.

धून सुटी झाली की एवढंच ऐका: चार मात्रांच्या जागेत कोण काय भरतं.

चौथी पायरी: 'ब्लू राँडो आ ला तुर्क'

नाव सोडवून घेतलं की निम्मं काम होतं. ब्लू म्हणजे ब्लूज, जॅझच्या मुळाशी असलेला अमेरिकन गाण्याचा प्रकार. राँडो म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतातली एक बांधणी. तुर्क म्हणजे तुर्कस्तान. मोत्सार्टच्या पियानो सोनाट्यातल्या प्रसिद्ध 'तुर्की राँडो'च्या नावावर केलेली ही कोटी आहे. त्यामुळे हा तुकडा मोत्सार्टवरून घेतलाय असं बरेच जण लिहितात. नावापलीकडे काही घेतलेलं नाही.

लय आली ती इस्तंबूलच्या रस्त्यावरून. १९५८ मध्ये अमेरिकन सरकारने क्वार्टेटला दौऱ्यावर पाठवलं होतं: पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, इराण, इराक, अफगाणिस्तान. शीतयुद्धाचे दिवस होते आणि जॅझवाले वकिलातीचंच काम करत होते. इस्तंबूलमध्ये ब्रुबेकने रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांची एक लय ऐकली. रेडिओच्या वाद्यवृंदातल्या लोकांना विचारलं तर ते लगेच वाजवायला लागले. तुम्हाला जसा ब्लूज तशी आम्हाला ही लय, असं त्यांनी सांगितल्याचं ब्रुबेक पुढे सांगत असे. दोन्ही एकाच तुकड्यात का आले, याचं उत्तर त्या वाक्यात आहे. अशा विषम लयींना तुर्की संगीतात 'अक्साक' म्हणतात, म्हणजे लंगडी.

मोजायचं कसं? बोलांनी. दोनसाठी 'तक', तीनसाठी 'तकिट':

तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तकिट तकिट तकिट

प्रत्येक ओळ नऊ मात्रांची. तीन ओळी लंगड्या, चौथी सरळ तीन-तीनची. आधी रेकॉर्ड न लावता हे मोठ्याने म्हणा, घरातले हसले तरी. जीभ सैल झाली की लावा. पियानो पहिल्या सेकंदापासून हेच म्हणत येतो आणि थांबत नाही, त्यामुळे सुरुवात सापडली की पुढे घसरायला जागा नाही.

मग राँडो. अभंगात ध्रुवपद कडव्यागणिक परत येतं, तसा राँडोत पहिला भाग फिरून फिरून परत येतो आणि मधे नवे भाग. तो परतताना दर वेळी त्याच जोरात येतो की भरून येतो, एवढं टिपा.

दोनेक मिनिटांच्या आत रस्ता फुटतो. सॅक्सोफोन चार मात्रांच्या चालीत, खांदे पाडून दोन ओळी बोलतो. लगेच नऊची लय मधे घुसते. पुन्हा चार. पुन्हा नऊ. दोन माणसं एकाच दारातून आत यायला बघताहेत असं काहीसं. शेवटी चार मात्रा जिंकतात आणि सरळ ब्लूज सुरू होतो.

इथे मोजणं बदलायचं. ब्लूज म्हणजे बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, एकूण ४८ चं मोठं आवर्तन. तीन ओळींचं कडवं समजा, दर ओळ चार बारांची. आवर्तन मात्रांनी न ओळखता खालच्या कॉर्डच्या हालचालीने ओळखायचं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जमीन सरकते, तिसऱ्या ओळीत ती परतीला लागते. आपल्या कानाला हे सवयीचं नाही, कारण आपला षड्ज हलत नाही. बासकडे लक्ष द्या, राइट तुम्हाला हात धरून नेतो. नऊ मात्रांच्या कसरतीनंतर ही साधी चाल सुरू होते तेव्हा अंगातला ताण उतरतो, आणि तुकड्याची सारी मजा त्या उतरण्यात आहे. शेवटी पुन्हा ती चार-नऊची रस्सीखेच, आणि राँडो.

ब्रुबेकच्या पियानोवर 'जड हाताचा' ही टीका तेव्हापासून आहे. स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, होत नाही, असं समीक्षक म्हणत. मला ती टीका अर्धी पटते. ब्लूजच्या भागात डेझमंडनंतर तो येतो तेव्हा हलक्या पावलांनी चालणाऱ्या माणसामागून कुणी कपाट सरकवत आणावं तसं कधीकधी वाटतं. पण ती जाड कॉर्डची थप्पी हीच मियोंकडची शिदोरी आहे, आणि डेझमंडचा सूर इतका हलका का वाटतो याचं अर्धं श्रेय शेजारच्या कपाटालाच.

पाचवी पायरी: उरलेले चार

'स्ट्रेंज मेडो लार्क' रात्री ऐका. सुरुवातीची दोनेक मिनिटं एकटा पियानो आहे, तालाशिवाय. आलाप म्हणायचा मोह होतो, तो आवरा. आलापात एकेक सूर उलगडतो. इथे कॉर्ड सरकतात, आणि सूर तोच असला तरी खालचा कॉर्ड बदलल्यामुळे त्याचा अर्थ बदलतो. एखादा लांबलेला सूर धरा आणि त्याच्याखाली काय घडतं ते पाहा. हार्मनी ऐकायला शिकण्यासाठी अख्ख्या अल्बममध्ये यापेक्षा चांगली जागा नाही.

'कॅथीज वॉल्ट्झ' हे ब्रुबेकच्या मुलीच्या नावाचं, तेही स्पेलिंग चुकवून छापलेलं. वॉल्ट्झ म्हणतात पण सुरू होतं चार मात्रांत. तीनवर नंतर येतं, आणि पुढे पियानो तीनावर चार टाकतो. लयकारीचा शौक असलेल्यांनी तिथे एका पायाने तीन धरून हाताने पियानो मोजून बघावा.

'पिक अप स्टिक्स' सहा मात्रांचं. इथे बासची एक ओळ खाली फिरत राहते आणि वर सगळं बदलतं. युरोपात बारोक काळापासून चालत आलेली ही युक्ती आहे. 'टेक फाइव्ह'मध्ये लेहरा पियानोकडे होता, इथे बासकडे. 'एव्हरीबडीज जम्पिन' चांगलं वाजलंय, पण मी त्याच्याकडे फार वेळा परतलेलो नाही.

सहावी पायरी: सलग

आता पहिल्यापासून लावा, न मोजता. एलपीची पहिली बाजू 'टेक फाइव्ह'ला संपते, तिथे पाच मिनिटं थांबा. उठून रेकॉर्ड उलटण्याइतकी ती विश्रांती मूळ बेतातच होती.

ऐकताना हेही मनात असू द्या की कंपनीच्या विक्रीवाल्यांना हे नको होतं. सगळ्या रचना नव्या, ओळखीचं एकही गाणं नाही, नाचता येत नाही, वर मुखपृष्ठावर वादकांच्या फोटोऐवजी नील फुजिताचं चित्र. सवलत म्हणून क्वार्टेटने आधी जुन्या गाण्यांचा एक अल्बम करून दिला, मग याला परवानगी मिळाली. तो जुन्या गाण्यांचा अल्बम आज किती जणांना आठवतो?

पुढे काय ऐकावं

त्याच १९५८ च्या दौऱ्यात क्वार्टेट मुंबईला आलं होतं, आणि तिथे ब्रुबेक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवायला बसला. मद्रासला मोरेलो मृदंगवादक पलनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्यासमोर बसला. म्हणून 'टेक फाइव्ह'चा ड्रम सोलो भारतातून आला असं मी म्हणणार नाही, विषम मात्रांचं वेड मोरेलोला आधीपासून होतं. पण मुंबई-मद्रास करून आलेली माणसं पुढच्याच वर्षी हा अल्बम करतात, हे ऐकणाऱ्याला माहीत असावं. त्या प्रवासावर त्यांनी 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' हा अल्बम १९५८ मध्येच केला. त्यातलं 'कॅलकटा ब्लूज' ऐका.

मग फेब्रुवारी १९६३ ची कार्नेगी हॉलची मैफल. तिथलं 'टेक फाइव्ह' इतक्या वेगात आहे की 'धी धी ना ती ना' म्हणताना जीभ अडखळते.

आणि १९६१ च्या 'टाइम फर्दर आउट'मधलं 'अनस्क्वेअर डान्स'. दोनच मिनिटांचं, सात मात्रांचं, टाळ्यांसकट. रूपक म्हणून हात पुढे कराल, पण सावध: रूपक ३+२+२, हे २+२+३. बास १, ३, ५ वर आणि टाळ्या २, ४, ६, ७ वर. टाळ्या तुम्ही द्या, बास रेकॉर्डवर सोडा. शेवटपर्यंत न चुकता पोहोचलात तर तुकडा संपताना मोरेलोचं हसू ऐकू येईल. तोही सुटलाच होता त्यातून.